ताडपत्रीखालची दुर्बीण

"गाद्या," काकांनी निकाल दिला.

समोरून येणारा ट्रक अजून नीट दिसतही नव्हता. लेकीने गाडी जराशी कडेला घेतली, ट्रक धुरळा उडवत शेजारून गेला आणि मागच्या सीटवरच्या भावी जावयाने मान वळवून पाहिलं. निळी ताडपत्री चारी बाजूंनी गच्च आवळलेली. आत गाद्या असतील, सिमेंटची पोती असतील, नाहीतर नुसती हवा असेल. कळायला काही मार्ग नव्हता.

"कशावरून ओळखलंत, काका?" त्याने विचारलं. हा प्रश्न दर वेळी विचारायचा, हे लेकीने त्याला आदल्या संध्याकाळीच फोनवर पढवून ठेवलं होतं.

"दोन दोऱ्यांच्या मधे ताडपत्री फुगली होती की नाही? कडक माल फुगत नाही, मऊ फुगतो. कापूस म्हणाल, तर कापसाचा फुगवटा ओबडधोबड. हा कसा एकसारखा होता! गाद्या. त्याही डबल बेडच्या."

"कमाल आहे!" भावी जावई म्हणाला. हेही पढवलेलंच होतं.

काकांचं ताडपत्र्यांचं दुकान होतं. जन्मभर त्यांनी ताडपत्र्या कापल्या, शिवल्या आणि विकल्या, त्यामुळे ताडपत्रीखाली काय आहे हे ओळखण्याचा हक्क जगात फक्त आपल्यालाच आहे अशी त्यांची खात्री होती. लग्न झाल्यापासून, म्हणजे सत्तावीस वर्षं, कुटुंब गाडीत बसलं की हा खेळ सुरू व्हायचा. ट्रक एका दिशेला जायचा, गाडी दुसऱ्या दिशेला, आणि काकांचा अंदाज मधल्यामधे अजिंक्य राहायचा. आजवर त्यांचा एकही अंदाज चुकलेला नव्हता. बरोबर आल्याचाही पुरावा नव्हता, पण तो मागायची घरात पद्धत नव्हती.

काकूही खेळायच्या, पण त्यांना कुणी खेळात धरत नसे. काका तर्काने ओळखायचे आणि काकू डोळ्यांना दिसेल ते सांगून मोकळ्या व्हायच्या. गोल दिसलं की "मोठी घंटा", लांब दिसलं की "शिडी". मग काका हसायचे, लेक हसायची आणि काकू पर्समधून बिस्किटांचा पुडा काढायच्या.

आज त्या पुड्यातली निम्मी बिस्किटं भावी जावयाच्या पोटात गेली होती. नाही म्हणायची त्याची टाप नव्हती, कारण आज त्याची परीक्षा होती. माणूस पारखायचा तर त्याला चार तास गाडीत घालून न्यावं, असं काकांचं मत, आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं घर बरोबर चार तासांवर होतं. तिथे पोचून गाडीतून उतरताना काका हो किंवा नाही सांगणार होते. त्या एका शब्दासाठी लेक आणि तो दोन वर्षं थांबले होते.

पहिल्या तासाचा निकाल बरा होता. "तुमची एक गोष्ट मला मनापासून आवडते," काका पुढच्या सीटवरून म्हणाले होते. "कारखान्यातून माल रवाना करायचं काम तुमच्याकडे आहे ना? सहा वर्षांत एकही नग चुकीच्या पत्त्यावर गेला नाही, असं लेक सांगत होती. अशी माणसं हल्ली राहिली नाहीत. बाकी तुमचं काय, ठीकच आहे."

भावी जावई नम्रपणे हसला. त्याचा कारखाना फायबरचा माल बनवायचा. पाण्याच्या टाक्या, बागेतली खेळणी, बांधकामावर मजुरांसाठी उभी करतात ती तयार शौचालयं. माल ट्रकवर चढला, ताडपत्री बांधली आणि माल आणि पत्ता लिहिलेलं चलान ड्रायव्हरच्या हातात दिलं की त्याचं काम संपायचं. ते तो जीव ओतून करायचा, यात काही खोटं नव्हतं.

अकराच्या सुमाराला पुढे एक ट्रक दिसला. हा त्यांच्याच दिशेने चालला होता, त्यामुळे चांगला दोन-तीन मिनिटं डोळ्यांसमोर राहिला. खाकी ताडपत्री, मधे मोठा गोल उंचवटा, आणि त्या उंचवट्यावरून तिरकं वर गेलेलं काहीतरी लांबच लांब.

"अरे वा," काका ताठ बसले. "असला माल वर्षातून एकदा दिसतो. कुणी बोलू नका."

कुणी बोललं नाही. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि डोकं पुढच्या काचेला जवळजवळ टेकवलं.

"दुर्बीण," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"दुर्बीण?" लेकीने विचारलं.

"वेधशाळेतली. तिरकं दिसतंय ती नळी आणि गोल दिसतोय तो घुमट. दुर्बीण नेताना तिरकीच न्यावी लागते. आडवी ठेवली तर आतली भिंगं सरकतात."

हे काकांना कुणी सांगितलं, हे विचारायची सोय नव्हती. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला. "मला तर ती मान वाटतेय. जिराफाची."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "जिराफ! अगं, जिराफ काय ताडपत्रीखाली झाकून नेतात? गुदमरून जाईल की तो!"

लेक हसली. भावी जावईही हसला, आणि हसता हसता त्याची नजर त्या उंच टोकाकडे गेली. तिथे ताडपत्रीला पिवळ्या गोणपाटाचं ठिगळ होतं, हातभर लांब, सुतळीच्या आडव्यातिडव्या टाक्यांनी शिवलेलं. ते टाके त्याने ओळखले. काल संध्याकाळी दाभण घेऊन ते त्यानेच घातले होते, कारण जिराफाच्या कानाने ताडपत्री फाटली होती.

जिराफच होता तो. पिवळाधमक, फायबरचा, पायांमधे झोपाळा टांगायची सोय असलेला. घुमट म्हणजे हत्तीच्या आकाराची घसरगुंडी. एका शाळेत आज चार वाजता नव्या बागेचं उद्घाटन होतं आणि हा माल तिकडेच निघाला होता.

"तुमचं मत काय?" काकांनी मागे वळून विचारलं.

भावी जावयाने एका क्षणात हिशोब केला. दहा मिनिटांवर फाटा आहे. तिथे ट्रक शाळेच्या रस्त्याला उजवीकडे वळेल, आपण सरळ जाऊ, आणि ही दुर्बीणही इतर सगळ्या मालासारखी कायमची दिसेनाशी होईल. मग उगाच कशाला?

"दुर्बीणच," तो म्हणाला. "जिराफ कसा असेल!"

"शाबास," काका म्हणाले. काकूंनी बिस्किटांचा पुडा मुकाट्याने पर्समधे ठेवला.

लेकीने ट्रकला मागे टाकलं. फाटा आला, गेला. भावी जावई निवांतपणे मागच्या काचेतून बघत होता. ट्रक फाट्याशी आला, जरा हळू झाला आणि सरळ आला.

आधी त्याला वाटलं, ड्रायव्हर चुकला. मग आठवलं, की या सरळ रस्त्यावर पुढे एक मोठं बांधकाम चालू आहे आणि तिकडे आज बारा शौचालयं पोचायची आहेत. मग कालची संध्याकाळ आठवली. कारखान्याच्या दारात दोन ट्रक उभे होते, त्याच्या दोन हातांत दोन चलानं होती, आणि तेवढ्यात फोन वाजला. "बाबा तयार झाले! उद्या येतोस ना?" लेक ओरडली होती. त्या आनंदात आपण दोन्ही हात वर केले, हे त्याला स्पष्ट आठवत होतं. खाली आल्यावर कोणता हात कोणत्या ड्रायव्हरकडे गेला, हे मात्र अजिबात आठवत नव्हतं.

म्हणजे खेळणी बांधकामावर चालली होती आणि बारा शौचालयं शाळेकडे. चार वाजता पाहुणे येणार, पालक टाळ्या वाजवणार आणि पडदा बाजूला होणार. भावी जावयाला दरदरून घाम फुटला.

ट्रक भाड्याचे. ड्रायव्हरांचे नंबर कचेरीतल्या वहीत, आणि रविवारी कचेरीला कुलूप. ट्रक थांबवायचा तर आत काय आहे ते सांगावं लागणार. ते सांगितलं की सहा वर्षांची अब्रू गेली, काकांची दुर्बीण गेली, आणि माहीत असून आपण दुर्बिणीला मान डोलावली तेही उघडं पडलं. इतकं सगळं एका होकाराच्या तीन तास आधी.

"तुला बरं वाटत नाहीये का रे?" लेकीने आरशातून विचारलं.

"चहा," तो कसाबसा म्हणाला. "चहा घेऊ या का जरा?"

चहाची टपरी रस्त्याला लागूनच होती. काका-काकू बाकावर टेकले आणि हा पाय मोकळे करण्याच्या निमित्ताने थेट डांबराच्या कडेला जाऊन उभा राहिला. पाच मिनिटांत ट्रक आला. याने दोन्ही हात उंचावून हलवले. ड्रायव्हरने त्याला ओळखलं, दात काढून हसला, झकास सलाम ठोकला, दोनदा हॉर्न वाजवला आणि वेग वाढवून निघून गेला.

काका कप घेऊन मागे उभे होते. "तुमच्या ओळखीचा आहे काय तो?"

"नाही, हल्ली ड्रायव्हर लोक फार अदबीने वागतात," भावी जावई म्हणाला.

आता एकच वाट उरली होती. गाडीत बसल्यावर त्याने घसा खाकरला. "काका, एक विचारू? एवढी वेधशाळेची दुर्बीण. परत काही बघायला मिळायची नाही. आपण त्या ट्रकला गाठून एकदा खात्री करून घेतली तर?"

 लेकीने आरशातून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने चालत्या गाडीतून उडी मारायची परवानगी मागितली होती.

"खात्री?" काका सावकाश म्हणाले. "म्हणजे तुम्हाला शंका आहे?"

"शंका कसली! दर्शन हो, काका. नुसतं दर्शन."

"सत्तावीस वर्षांत कुणी मला खात्री..."

"गाठ गं त्याला," काकू म्हणाल्या.

तिघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. काकू सीटच्या कडेवर येऊन बसल्या होत्या, डोळे चमकत होते. "सत्तावीस वर्षं माझी एकच इच्छा आहे. कुठल्यातरी एका ट्रकची ताडपत्री कुणीतरी वर करून दाखवावी. गाद्या तर गाद्या. पण दाखवावी! चल, दाब पाय."

लेकीने पाय दाबला. वीस मिनिटांत ट्रक दिसला. लेकीने गाडी त्याच्या शेजारी नेली आणि काकूंनी काच खाली करून लाल नॅपकिन फडकवायला सुरुवात केली. "अहो ट्रकवाले! थांबा! आम्हाला बघायचंय!" भावी जावईही दुसऱ्या काचेतून कमरेपर्यंत बाहेर येऊन हातवारे करत होता. ड्रायव्हरने खाली पाहिलं, मान डोलावली आणि ट्रक आणखी जोरात सोडला.

"पळतोय!" काकू आनंदाने ओरडल्या.

"पळणारच," काका म्हणाले. वेग वाढला तसा त्यांचा रागही वाऱ्यावर उडाला होता. "एवढा किमती माल! त्याला वाटलं असणार, आपण लुटारू आहोत. बघा, दुर्बीणच निघते की नाही."

जितका नॅपकिन जोरात फडके, तितका ट्रक जोरात पळे. मागून एका मोटारसायकलवाल्यालाही वाटलं, की पुढे काहीतरी शर्यत आहे, आणि तोही वाकून सामील झाला. लेक दोन वर्षांत दिसली नव्हती इतकी सुंदर दिसत होती, असं भावी जावयाला वाटलं. पण हे कौतुक करायची ही वेळ नव्हती.

शेवटी वजनकाटा आला. तिथे प्रत्येक ट्रकला थांबावंच लागतं. ट्रक काट्यावर चढला, मागोमाग गाडी येऊन उभी राहिली आणि काका दार उघडून सगळ्यांच्या आधी उतरले.

"नमस्कार," ते ड्रायव्हरला म्हणाले. "माझं ताडपत्र्यांचं दुकान आहे. तुमची ताडपत्री जरा उघडता का? वेधशाळेचा माल आहे हे आम्हाला ठाऊक आहे. फक्त डोळ्यांनी बघायचाय."

"ताडपत्री नाही उघडता येणार," ड्रायव्हर म्हणाला. "साहेबांचा हुकूम आहे. माल उतरवायच्या जागी पोचल्याशिवाय गाठ सोडायची नाही."

"कोण साहेब?"

"कोण म्हणजे? हे काय, तुमच्यामागे लपलेत ते."

काका वळले. भावी जावई खरोखरच त्यांच्यामागे, थोडा वाकून उभा होता.

"साहेब, काही चुकलं का?" ड्रायव्हरने काळजीने विचारलं. "तुम्ही काल म्हणालात माल वेळेवर पोचला पाहिजे. आज बघतो तर तुम्ही रस्त्यावर येऊन हात हलवताय, मग खिडकीतून हलवताय. मी म्हटलं, साहेब म्हणतायत आणखी जोरात. जेवढा जमला तेवढा पळवला की!"

"चलान दाखव," भावी जावई मेलेल्या आवाजात म्हणाला.

चलानावर लिहिलं होतं: तयार शौचालये, नग बारा.

"माल चढवताना बघितलं नाहीस का रे?"

"बघितलं की. पण कागदावर शौचालय लिहिलंय म्हटल्यावर मी म्हटलं, नवीन तऱ्हा निघाली असेल."

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. भावी जावई स्वतः हौद्यावर चढला. त्याने गाठी सोडल्या आणि ताडपत्री ओढली. उन्हात एक लांब पिवळी मान बाहेर आली, मग दोन कान, मग पापण्या रंगवलेले मोठे गोड डोळे. जिराफ सगळ्यांकडे बघून हसत होता. त्याला तसाच घडवला होता.

"जिराफ," काकू म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले आणि त्या हसू लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, वजनकाट्याचा माणूसही खोलीतून बाहेर येऊन हसू लागला, आणि मोटारसायकलवाला, जो इथपर्यंत आला होता, त्याने कशाला ते न कळताच टाळ्या वाजवल्या.

भावी जावयाने खाली उतरून सगळं सांगितलं. दोन चलानं, फोन, वर केलेले हात. मग आधी काम उरकलं. या ड्रायव्हरकडे त्या ड्रायव्हरचा नंबर होता. फोन लावला तर तो शाळेच्या दारातच उभा होता आणि निघायच्या बेतात होता, पण त्याला सोडत नव्हते.

"तो म्हणतोय, मुख्याध्यापिका बाई दोन नग परत द्यायला तयार नाहीत," ड्रायव्हरने कानाला फोन लावून सांगितलं. "सहा वर्षं अर्ज करतेय म्हणतात. आज आपणहून दारात आलीत, तर आता नेऊ देणार नाही."

"दोन राहू देत," भावी जावई म्हणाला. "उद्या कारखान्यात मी निस्तरतो. बाकीची दहा इकडे बांधकामावर पाठव. आणि तू ट्रक फिरव. दोन तासांचा रस्ता आहे, उद्घाटनाच्या आधी पोचशील."

मग तो काकांसमोर जाऊन उभा राहिला. लेक त्याच्या शेजारी आली आणि तिने त्याचा हात धरला. काका जिराफाकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं," काका म्हणाले.

"हो, काका."

"कधीपासून?"

"ठिगळ दिसल्यापासून."

"आणि तरी तुम्ही दुर्बीण म्हणालात."

"हो."

काका हात मागे बांधून ट्रकभोवती एक फेरी मारून आले. परतले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "स्वतःच्या हाताने चढवलेल्या मालाला तुम्ही माझ्या शब्दाखातर दुर्बीण म्हणालात. सत्तावीस वर्षांत या घरात माझा एवढा मान कुणी राखला नाही. पोरी, माझा होकार आहे."

"बाबा!" लेक किंचाळली. "पण ते चुकीच्या पत्त्याचं?"

"होतो एखादा नग इकडचा तिकडे."

"बारा नग, बाबा."

"होतात म्हटलं ना!"

"आणि माझा नकार आहे," काकू म्हणाल्या.

त्यांचं हसू केव्हाच थांबलं होतं. सकाळपासून ज्यांनी त्याला "घे रे, अजून एक घे" म्हणत बिस्किटं भरवली, त्या काकू आता त्याच्याकडे सरळ बघत होत्या. "तुम्हाला माहीत होतं, मी बरोबर होते ते," त्या म्हणाल्या. सकाळचा "तू" गेला आणि त्याच्या जागी "तुम्ही" आला. "हे हसतात, ही हसते. त्यांना काय कळतंय? मला त्याचं काही वाटत नाही. पण तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही हसलात."

 काकू वळल्या, ट्रकच्या केबिनचं दार उघडलं, पायरीवर पाय दिला आणि वर चढून बसल्या.

"अगं, कुठे निघालीस?" काकांनी विचारलं.

"शाळेत. माझा जिराफ आहे तो. मी त्याला पोचवून येणार."

"आणि ताईकडे जायचं ते?"

"ताईंना म्हणावं, दुर्बिणीतून बघा, दिसतो का आम्ही."

ड्रायव्हरने ट्रक फिरवला. भावी जावई एक क्षण थबकला, मग लेकीने त्याला पाठीत ढकललं आणि तो पळत जाऊन केबिनमधे चढला. मालाबरोबर शाळेत जाणं त्याला भागच होतं. आणि ते नसतं, तरी तो चढला असता.

ट्रक परतीच्या रस्त्याला लागला. मागे गाडीत काका आणि लेक.  काकू उंच सीटवरून पुढचा रस्ता बघत होत्या, आणि त्यांना तो आवडत होता हे लपत नव्हतं.

"घाबरलो होतो, काकू," शेवटी तो म्हणाला.

"कुणाला?"

"काकांना."

"त्यांना?" काकूंनी आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं. "त्यांना कसलं घाबरायचं? मी एक दिवस घाबरले नाही. नुसती गप्प बसले."

"तुम्ही जिराफ म्हणालात तेव्हा मला आतून इतका आनंद झाला होता," तो म्हणाला, आणि हे अगदी खरं होतं. "तो ठेवायचा कसा म्हणून किती खटपट केली काल. झाकल्यावरही कुणाला तो जिराफ दिसेल, असं वाटलं नव्हतं. आणि तरी मी हसलो. माझी चूक झाली. चलानाची झाली त्यापेक्षा मोठी."

 काकूंनी पर्स उघडली, पुडा काढला, एक बिस्कीट ड्रायव्हरला दिलं, एक स्वतः घेतलं आणि उरलेला पुडा दोघांच्या मधे सीटवर ठेवला. घे म्हणाल्या नाहीत. त्याने घेतलं.

"ड्रायव्हरसाहेब, इथून गाडीतली माणसं किती स्पष्ट दिसतात हो!"

"सगळं दिसतं, ताई," ड्रायव्हर म्हणाला. "रिकामा वेळ असला की मी ओळखत बसतो. लग्नाला चाललेत, दवाखान्यात चाललेत, भांडून निघालेत. तुमच्या गाडीला मी सकाळीच ओळखलं होतं. मागे साहेब बसलेले, अंग चोरून. म्हटलं, मुलीच्या घरच्यांबरोबर निघालेत."

काकू खळखळून हसल्या. तेवढ्यात भावी जावयाचा फोन वाजला. लेक होती. "अरे, फोन स्पीकरवर टाक. बाबांना आईशी बोलायचंय."

"अगं," काकांचा आवाज आला. जरासा खाकरून ते थांबले. "अगं, समोरून तो ट्रक येतोय बघ. हिरवी ताडपत्री. चारी कोपरे वर आलेत, मधे खड्डा. काय असेल गं?"

सत्तावीस वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं. काकूंनी समोरच्या ट्रककडे पाहिलं, मग फोनकडे, मग शेजारी अंग चोरून बसलेल्या त्याच्याकडे.

"जावयाला विचारा," त्या म्हणाल्या.

त्याच्या हातातला फोन पडता पडता वाचला. त्याने डोळे ताणून समोर पाहिलं. दोऱ्या बघितल्या, गाठी बघितल्या, फाळक्यापाशी काही दिसतं का ते बघितलं.

"खरं सांगू, काका?" तो म्हणाला. "मला माहीत नाही."

 हिरवा ट्रक धाडधाड करत शेजारून गेला आणि मागे लहान होत दिसेनासा झाला.

"मलाही नाही," काका म्हणाले.

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.